बाग विकली, कैऱ्या कोणाच्या?

गेल्या भाऊबिजेला मी बहिणीकडे गेलो, तो भाची पेढ्यांचा पुडा घेऊन दारातच उभी. “मामा, आमची कंपनी विकली गेली!” मालक बदलल्याचे पेढे वाटण्याचा हा प्रकार मला नवाच होता. आजोबांच्या काळी गिरणीचा मालक बदलला की चाळीत काळजी शिरत असे.

खुलासा जेवताना झाला. भाची हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. नाव सांगत नाही. नोकरीला घेताना कंपनीने तिला पगाराखेरीज ४००० शेअर ठरलेल्या भावाने, म्हणजे ४० रुपयांना एक, विकत घेण्याचा हक्क दिला होता. हा हक्क दर वर्षी १००० शेअरांचा, असा चार वर्षांत मिळायचा. आता घेणाऱ्या कंपनीने शेअरला ३१० रुपये भाव दिला. जावईबापूंनी ४००० गुणिले ३१० असा हिशेब मांडला आणि १२ लाख ४० हजारांच्या भरवशावर फ्लॅट पाहूनही ठेवला!

“मामा, हे कागद जरा वाचून दे ना.” मी पडलो मराठीचा मास्तर. पण भाचीला नाही कसे म्हणायचे?

सारी मेख एका शब्दात होती : ‘व्हेस्टिंग’. कायद्याच्या मराठीत याला हक्क ‘निहित होणे’ म्हणतात. वर्गात हा शब्द उच्चारला तर मागचे बाक झोपी जातील, तेव्हा आपण ‘पिकणे’ म्हणू. आपल्याकडच्या कायद्याप्रमाणे असा हक्क दिल्यापासून निदान एक वर्ष पिकत नाही. भाचीची दोन वर्षे भरली होती. म्हणजे २००० पिकलेले, २००० कच्चे. बाग विकली, तर झाडावरच्या कैऱ्या कोणाच्या?

याला एकच उत्तर नाही. खरेदीच्या करारात आणि कर्मचाऱ्याच्या कागदात जे लिहिले असेल तेच खरे. मायक्रोसॉफ्टने २०१६ साली लिंक्डइन शेअरला १९६ डॉलर देऊन घेतली, तेव्हा नोकरांचे कच्चे हक्क मायक्रोसॉफ्टच्या शेअरांत बदलून दिले. २०२२ मध्ये इलॉन मस्क यांनी ट्विटर घेतली, तेव्हा भाव होता ५४ डॉलर २० सेंट. तिथे कच्च्या शेअरांच्या जागी तेवढी रोख रक्कम ठरली, पण ती जुन्याच वेळापत्रकाने मिळायची. आणि आठवडाभरातच सुमारे निम्म्या लोकांना घरी पाठवण्यात आले! नोकरी गेली की कच्चा हक्क बहुधा नोकरीबरोबरच जातो. काही करारांत तर तो विक्रीच्या दिवशीच मोबदल्याशिवाय रद्द होतो. भाव ठरलेल्या किमतीपेक्षा खाली आला, तर पिकलेल्या हक्कालाही काही किंमत उरत नाही. शिवाय पुष्कळदा बड्या भांडवलदारांचे पैसे आधी फेडायचे असतात. वर्तमानपत्रातला कोटींचा आकडा पाहून हुरळून जाणाऱ्यांना हे ठाऊक नसते.

मी कागद पेन्सिल घेऊन बसलो. ३१० मधून ४० वजा, राहिले २७०. पिकलेल्या २००० शेअरांचे ५ लाख ४० हजार. त्यावर पगाराप्रमाणे प्राप्तिकर. जावईबापूंचा चेहरा उतरला. बहिणीने उगाचच पुन्हा भात वाढला.

उरलेल्या तेवढ्याच रकमेचे काय? अकराव्या पानावर तळाशी सापडले. कच्च्या हक्काची रोख दोन वर्षांत, दोन हप्त्यांनी. नव्या मालकाने वर्षाच्या आत विनादोष काढून टाकले, तर सगळी एकदम. स्वतः राजीनामा दिला, तर काही नाही.

हे वाचल्यावर भाची गप्प झाली. मग हळूच म्हणाली, “मामा, मी डिसेंबरात सोडणार होते. दुसरीकडून पत्र आलंय.” ही बातमी घरात कोणालाच ठाऊक नव्हती, बहिणीच्या हातातला डाव भांड्यातच राहिला.

मी सल्ला दिला नाही. एवढेच म्हटले, की पहिल्या हप्त्याची नेमकी तारीख कंपनीकडून लेखी मागून घे. तिने दुसऱ्याच दिवशी मागितली. उत्तर तीन आठवड्यांनी आले : १५ जुलै. दुसऱ्या कंपनीने तिच्यासाठी तोवर थांबायचे कबूल केले नाही.

फ्लॅटचा बेत त्यांनी तूर्त सोडला आहे. भाची अजून हिंजवडीतच आहे. जुलैचा हप्ता कर कापून जमा झाला. दुसरा पुढच्या जुलैत.