गरी, वल्हे आणि वाऱ्याचा हिशेब

कोकणात आषाढ म्हणजे होड्या वाळूवर ओढून झाकून ठेवायचे दिवस. जून-जुलैत यांत्रिक होड्यांना सरकारी बंदी असते, आणि ती नसती तरी त्या खवळलेल्या दर्यात कोण शहाणा जाईल? इंग्लंडात नेमके उलटे. इथला समुद्र जून-जुलैत कुठे जरा माणसाळतो, आणि त्याच सुमारास आपल्या बांगड्याचे चुलतभाऊ, म्हणजे मॅकरेल, थव्याथव्याने दक्षिण किनाऱ्याला येतात. त्यामुळे श्रावणाआधीचे दोन-तीन शनिवार आमच्यासारख्या मत्स्यप्रेमींना फार मोलाचे. श्रावण लागला की गृहमंत्रालयाची बंदी सुरू होते, आणि ती इथेही लागू आहे!

गेल्या काही वर्षांत आपल्या मंडळातल्या दोघा-चौघांना कयाकमधून गरवायचा नाद लागला आहे. कयाक ही मूळची उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांची होडी. सांगाडा लाकडाचा किंवा हाडांचा, आणि त्यावर सीलचे कातडे ताणून बसवलेले. आज आपण वापरतो ती प्लास्टिकची, वर उघड्यावर बसायची, साधारण १२-१३ फूट लांब. तळाला आरपार भोके असतात, त्यांतून आत आलेले पाणी आपोआप निघून जाते. पहिल्यांदा ती भोके पाहून आमच्या सौ.नी "ही बुडायची सोय मुद्दाम केलीय का?" असे विचारले होते. पण होडी पोकळ आणि बंद असते, ती तरंगतेच. बुडायची भीती होडीला नाही, आपल्याला!

माझा जोडीदार मूळचा मालवणचा. लहानपणी धक्क्यावर बसून गरवलेला माणूस. इथे त्याची तीस वर्षे हापिसात गेली, पण वाऱ्याकडे बघायची सवय गेली नाही. जुलैतल्या एका शनिवारी पहाटे आम्ही लंडनहून निघालो आणि अडीच-तीन तासांत डॉर्सेटमधल्या स्वानेजला पोचलो. स्वानेजचा उपसागर पूर्वेकडे उघडतो. उत्तरेला ओल्ड हॅरी नावाचे खडूचे पांढरेशुभ्र सुळके पाण्यात उभे आहेत. २००१ साली जागतिक वारसा ठरलेल्या जुरासिक किनाऱ्याचे हे पूर्वेकडचे टोक. दक्षिणेला पेव्हरिल पॉइंट. तिथे खडकाच्या कडेवरून भरतीचा प्रवाह जोरात धावतो, म्हणून तिकडे आम्ही फिरकत नाही.

भरती-ओहोटीची एक गंमत सांगण्यासारखी आहे. आपल्याकडे तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा वाजता, असा सोपा हिशेब. मित्राने तो इथे लावून पाहिला आणि डोक्याला हात लावला! स्वानेज-पूलच्या बाजूला एका भरतीत पाणी दोनदा चढते, मधे थोडे उतरते. तेव्हा वेळेसाठी छापील कोष्टकच हवे. पण पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण आणि अष्टमीच्या सुमारास भांग, हा नियम चंद्राचा आहे. तो मालवणात आणि डॉर्सेटमध्ये सारखाच. आम्ही मुद्दाम अष्टमीच्या जवळचा दिवस धरला होता, कारण भांगाला प्रवाह मवाळ असतो.

हवामानाचा अंदाज मात्र फारसा मवाळ नव्हता. सकाळी नैर्ऋत्येचा हलका वारा, दुपारकडे पश्चिमेचा, वाढता. मित्राने वाळूवरच ठरवून टाकले, "अकराला परत. मासे मिळोत न मिळोत." वहिनींना तसा फोनही केला.

आठ वाजता पाण्यात उतरलो. किनाऱ्यापासून किलोमीटरभर आत गेलो असू. दोरीला पाच-सहा गऱ्या, प्रत्येक गरीला पिसाचा तुरा, टोकाला शिसे. तळापर्यंत सोडायची आणि हलके झटके देत वर घ्यायची. तासभर काही नाही. मग कुररी पक्षी एके ठिकाणी सूर मारायला लागले, तिकडे वल्हवत गेलो आणि दोरी थरथरली. एका खेपेला चार! मॅकरेलला पोटात हवेची पिशवी नसते, त्यामुळे तो पोहायचा थांबला तर खाली जातो. म्हणूनच बहुधा तो गळाला लागल्यावरही क्षणभर स्वस्थ राहत नाही. हिरव्या-निळ्या पाठीवरचे ते काळे पट्टे पाहताना बांगड्याचीच आठवण येते.

साडेदहाच्या सुमारास मित्राच्या दुसऱ्या काठीला काहीतरी जड लागले. काठी पार वाकली. बास असावा, आणि चांगला थोराड. मी ओरडलो, "सोडू नकोस!" तो पाच-सात मिनिटे झुंजला. मग त्याने मान वर करून किनाऱ्याकडे पाहिले. ओल्ड हॅरी जिथे दिसायला हवा होता तिथे नव्हता. मासा आणि वारा दोघे मिळून त्याला बाहेर ओढत होते. पश्चिमेचा वारा लागला होता.

"वारो फिरलो रे," तो म्हणाला. जॅकेटला बांधलेली सुरी काढली आणि दोर कापला. "चल. मासो परत गावतलो."

वर्षभर ज्याची वाट पाहिली तो मासा असा सोडायला छाती लागते. पण स्वानेजला पश्चिमेचा वारा म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा. हा वारा फसवा. किनाऱ्याजवळ पाणी तळ्यासारखे शांत दिसते, कारण मागे डोंगराचा आडोसा असतो. लाटा जितके आत जावे तितक्या वाढतात आणि तुम्हाला इंग्लिश खाडीकडे ढकलतात. जाताना पंधरा-वीस मिनिटे लागली होती, येताना जवळजवळ तास लागला. दोघे शेजारी-शेजारी, वल्हे टाकायचे थांबले की मागे. बोलणे बंद. मधे मित्राच्या खांद्यात पेटके आले, तेव्हा त्याची होडी माझ्या होडीला दोरीने बांधून काही अंतर ओढली. एकटा असता तर? हा प्रश्न दोघांच्याही मनात होता, पण तो वाळूवर पाय लागल्यावरच निघाला.

जुलैत इथले पाणी साधारण १६-१७ अंश असते. मुंबईच्या पाण्यापेक्षा दहा अंशांनी तरी थंड. अचानक पडलात तर पहिली एक-दोन मिनिटे श्वासावर ताबा राहत नाही. त्या वेळी पोहायची धडपड न करता पाठीवर तरंगत राहावे, असे जीवरक्षक नौकांची संस्था आरएनएलआय सांगते. म्हणून वेटसूट आणि जॅकेट हवेच, "मला पोहता येतं" हे पुरेसे नाही. फोन जलरोधक पिशवीत आणि अंगावर, होडीत नव्हे. व्हीएचएफ रेडिओ असेल तर चॅनेल १६, नाहीतर ९९९ लावून कोस्टगार्ड मागायचा.

माशांबद्दलही दोन शब्द. मॅकरेल लवकर खराब होतो, तेव्हा बर्फाची पेटी बरोबर हवी. गरीला कधी वीव्हर नावाचा मासा लागतो, त्याच्या पाठीचा काटा आपल्या शिंगाळ्यासारखा विषारी. टोचलाच तर सोसवेल तितक्या गरम पाण्यात हात धरावा. बास ४२ सेंटिमीटरहून लहान असला तर सोडावा लागतो, आणि किती ठेवायचे त्याचे नियम बदलत असतात, ते आधी पाहावेत. इंग्लंडात समुद्रात गरवायला परवाना लागत नाही, म्हणून पेटी भरेपर्यंत मासे मारू नयेत. ईशान्य अटलांटिकमधल्या मॅकरेलचे टिकाऊ मासेमारीचे प्रमाणपत्र २०१९ साली स्थगित झाले, ते अति मासेमारीमुळे साठा घटत चालल्यानेच. आम्ही दोन घरांना पुरतील एवढे अकरा आणले. तिरफळ घालून केलेले त्यांचे तिखले दुसऱ्या दिवशी जास्त लागते, हे सुज्ञ वाचकांस सांगणे न लगे.

मंडळींपैकी कुणाला यायचे असेल तर जरूर कळवा. नवख्यांनी आधी स्थानिक क्लबात होडी उलटल्यावर परत चढायला शिकावे, ते एका दुपारचे काम आहे. आमच्या अटी तीनच: एकट्याने जायचे नाही, परतायची वेळ घरी सांगून निघायचे, आणि सुरी जॅकेटला बांधलेली असायला हवी.