जबलपूर धर्मप्रांत: बिशपांचा अधिकार आणि मंडळाची जबाबदारी

29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा चर्चसंघटनांच्या विलीनीकरणातून स्थापन झालेल्या ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ने बिशप, म्हणजे धर्मप्रांताचा प्रमुख, हे पद राखले, मात्र त्याच्या अधिकाराला प्रतिनिधिसभांची चौकट घातली. या चौकटीत, जबलपूर धर्मप्रांतातही, स्थानिक मंडळीचा कारभार पाळक आणि सभासदांनी निवडलेली समिती पाहते, तिच्यावर धर्मप्रांत परिषद असते, जीत दीक्षित पाळकांबरोबर सामान्य सभासदांचेही प्रतिनिधी बसतात, आणि सर्वांत वर सिनॉड, म्हणजे सर्व धर्मप्रांतांची सर्वोच्च सभा, असते.

कागदावर ही रचना निर्दोष वाटते. खरी अडचण शाळांच्या कारभारात उद्भवते, कारण शुल्काचा मोठा पैसा धर्मप्रांताच्या शिक्षण मंडळाकडे असतो आणि ज्याचा हिशेब तपासायचा तोच अध्यक्षस्थानी असला, तर इतर सभासदांचा प्रश्न विचारण्याचा हक्क नावापुरताच उरतो. सप्टेंबर 2022 मध्ये मध्य प्रदेशच्या आर्थिक गुन्हे शाखेने जबलपूरच्या तत्कालीन बिशपांच्या निवासस्थानी छापा घातला आणि नंतर त्यांना अटक केली. विद्यार्थ्यांच्या शुल्काची रक्कम अन्यत्र वळवल्याचा आरोप त्यांच्यावर होता. तेच त्या वेळी सिनॉडचे मॉडरेटर, म्हणजे अध्यक्ष, असल्यामुळे दाद मागण्याची वरची पायरीही त्यांच्यापाशीच येऊन थांबत होती. म्हणूनच लेखापरीक्षक नेमण्याचा आणि तक्रार ऐकण्याचा अधिकार अध्यक्षाव्यतिरिक्त इतर सभासदांकडे असणे, ही अशा मंडळाच्या उत्तरदायित्वाची किमान अट मानली पाहिजे.