पुरस्काराचा आणि शिक्षेचा एकच हात : स्टालिनच्या राजवटीतील संगीतकार

एप्रिल १९३२ मध्ये सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाच्या मध्यवर्ती समितीने लेखक-कलावंतांच्या परस्परांशी भांडणाऱ्या संघटना मोडीत काढून प्रत्येक कलेसाठी एकच अधिकृत संघ उभारण्याचा ठराव केला, तेव्हा अनेक संगीतकारांना हायसे वाटले. कारण श्रमिकवर्गाच्या नावाने इतरांना धारेवर धरणाऱ्या एका कडव्या गटाच्या जाचातून त्यांची त्यामुळे सुटका झाली होती. या सोयीची किंमत पुढे कळून आली. खाजगी प्रकाशक, खाजगी नाट्यगृह किंवा खाजगी नभोवाणी अस्तित्वातच नसलेल्या त्या देशात रचना छापणे, ती वाद्यवृंदाकडून वाजवून घेणे, नव्या कामाची मागणी मिळवणे, एवढेच नव्हे तर राहायला घर आणि उन्हाळ्यात शांतपणे काम करायला गावाकडची जागा मिळवणे, हे सारे हळूहळू संघाच्या आणि सरकारी खात्यांच्या मर्जीवर येऊन ठेपले. बंदी आणि तुरुंग ही हुकूमशाहीची परिचित हत्यारे तेथे होतीच. परंतु कलावंताला रोज जाणवणारा धाक या परावलंबनातून निर्माण होत असे.

या यंत्रणेचे काम कसे चाले, हे संगीतकार दमित्री शोस्ताकोविच यांच्या चरित्रात सर्वांत स्पष्ट दिसते. त्यांची ‘म्त्सेन्स्क जिल्ह्याची लेडी मॅकबेथ’ ही ऑपेरा, म्हणजे आद्यंत गायनातून उलगडणारे नाटक, जानेवारी १९३४ मध्ये लेनिनग्राडला रंगमंचावर आली आणि दोन वर्षे तेथे व मॉस्कोत गाजत राहिली. सरकारी समीक्षकांनीही तिची वाखाणणी केली होती. २६ जानेवारी १९३६ रोजी स्टालिन यांनी मॉस्कोत तिचा प्रयोग पाहिला, आणि दोनच दिवसांनी ‘प्रावदा’ या पक्षाच्या मुखपत्रात संगीताच्या जागी गोंधळ असल्याचा ठपका ठेवणारा निनावी लेख प्रसिद्ध झाला. लेखाखाली नाव नसणे हेच त्याचे बळ होते, कारण निनावी मजकूर हा पक्षाचा आवाज मानला जाई आणि त्याला उत्तर देण्याची सोय कोणालाही नसे. ऑपेराचे प्रयोग बंद पडले, ६ फेब्रुवारीला त्याच पत्राने शोस्ताकोविच यांच्या एका नृत्यनाट्यावर हल्ला चढवला, आणि कालपर्यंत स्तुती करणारे सहकारी संघाच्या सभांमध्ये आपली मते बदलू लागले.

आरोपाचे नाव होते ‘फॉर्मॅलिझम’, म्हणजे रूपवाद. आशय आणि जनता यांच्यापेक्षा रचनेच्या घाटाला अधिक महत्त्व देणे, असा त्याचा अधिकृत अर्थ सांगितला जाई. प्रत्यक्षात वरिष्ठांना न रुचलेली कोणतीही कृती त्यात बसवता येत असे. वाद्यसंगीताला तर शब्दच नसतात, त्यामुळे त्यात आक्षेपार्ह ओळ शोधून खोडता येत नाही आणि आपण निर्दोष आहोत हे सिद्धही करता येत नाही. शोस्ताकोविच यांनी आपली चौथी सिंफनी, म्हणजे पूर्ण वाद्यवृंदासाठीची दीर्घ रचना, तालमी सुरू असतानाच डिसेंबर १९३६ मध्ये मागे घेतली. ती पहिल्यांदा वाजली ती थेट डिसेंबर १९६१ मध्ये. दरम्यान त्यांचे पाठीराखे मार्शल तुखाचेव्स्की यांना जून १९३७ मध्ये गोळ्या घालण्यात आल्या होत्या. त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला लेनिनग्राडमध्ये पाचव्या सिंफनीचे दणक्यात स्वागत झाले, आणि रास्त टीकेला सोव्हिएत कलावंताने दिलेले उत्तर असे तिचे वर्णन एका पत्रकाराने केले, ते तिला कायमचे चिकटले. श्रोत्यांनी त्या सुरांत आपापले दुःख ऐकले आणि सत्तेने त्यात पश्चात्ताप ऐकला. शब्द नसण्याचा फायदा यावेळी संगीतकाराला मिळाला.

सत्तेला कलावंत नको होता असे मात्र नाही, उलट त्याची कीर्ती तिला हवीच होती. शोस्ताकोविच यांना १९४१ पासून एकूण पाच वेळा स्टालिन पुरस्कार मिळाला. त्यांची सातवी सिंफनी ९ ऑगस्ट १९४२ रोजी जर्मन सैन्याच्या वेढ्यातील लेनिनग्राडमध्ये, उपासमारीने खंगलेल्या वादकांनी वाजवली, तेव्हा तिला युद्धकाळातील प्रतिकाराच्या प्रतीकाचे स्थान मिळाले. तरीही १९४८ मध्ये पुन्हा तोच प्रसंग, अधिक व्यापक प्रमाणात, ओढवला. १० फेब्रुवारीच्या पक्षठरावाचे निमित्त होते वानो मुरादेली यांची ‘महान मैत्री’ ही ऑपेरा, जिच्याशी ठरावात नावे आलेल्या इतर संगीतकारांचा काडीचाही संबंध नव्हता. शोस्ताकोविच, प्रोकोफिएव्ह, खाचातुरियान, म्यास्कोव्स्की, शेबालिन आणि पोपोव्ह या सर्वांवर रूपवादाचा शिक्का बसला. शोस्ताकोविच यांची लेनिनग्राड आणि मॉस्को येथील अध्यापनाची कामे गेली, शेबालिन यांना मॉस्को संगीतविद्यालयाचे संचालकपद सोडावे लागले, आणि त्याच वर्षी संघाच्या प्रमुखपदी आलेले तिखोन ख्रेन्निकोव्ह त्या खुर्चीवर १९९१ पर्यंत टिकले. पक्षाचे सरचिटणीस एकामागून एक बदलत गेले, संगीतकारांचा मात्र एकच राहिला.

प्रसिद्धीमुळे संरक्षण मिळते हा समज १९४८ मध्ये पुरता फोल ठरला. प्रोकोफिएव्ह यांच्या पहिल्या पत्नी, गायिका लीना, यांना फेब्रुवारीत अटक झाली आणि वीस वर्षांची शिक्षा झाली. त्या १९५६ मध्ये सुटल्या, तोवर प्रोकोफिएव्ह हयात नव्हते. युद्धाच्या आघाडीवर सैनिकांसाठी गाणाऱ्या आणि १९४५ मध्ये बर्लिनमध्ये गायलेल्या लोकगायिका लिदिया रुस्लानोवा यांनाही १९४८ मध्येच तुरुंगात जावे लागले. त्यांचे पती मार्शल झुकोव्ह यांच्या निकटचे सेनाधिकारी होते आणि झुकोव्ह तेव्हा मर्जीतून उतरले होते. रुस्लानोवांच्या गाण्यांशी त्या कारवाईचा संबंध नव्हता.

मार्च १९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या शांतता परिषदेला जाण्यासाठी शोस्ताकोविच यांना स्वतः स्टालिन यांचा दूरध्वनी आला. ज्या संगीतकाराच्या रचना मायदेशी वाजत नाहीत त्याला परदेशात काय उत्तर द्यायचे, ही अडचण त्यांनी मांडली, आणि त्यानंतर त्या रचनांवरील बंदीचा आदेश रद्द झाला. परिषदेत मात्र त्यांना संगीतकार स्त्राविन्स्कींवरील सरकारी टीका आपल्याला मान्य असल्याचे सर्वांसमक्ष सांगावे लागले. त्या काळात पोटासाठी त्यांनी चित्रपटांना संगीत दिले आणि वनीकरणाच्या सरकारी योजनेची स्तुती करणारी ‘वनगीत’ ही रचना केली, जिला पुरस्कारही मिळाला. दुसरीकडे १९४८ मध्ये पूर्ण झालेला पहिला व्हायोलिन कंचेर्टो (एकल व्हायोलिन आणि वाद्यवृंद यांची रचना) आणि ज्यू लोककवितांवरील गीतमालिका ही दोन्ही कामे त्यांच्या टेबलाच्या खणात पडून राहिली व १९५५ मध्ये श्रोत्यांसमोर आली. अशा दुहेरी जगण्याला दांभिकता म्हणणे सोपे आहे, परंतु तसे म्हणणाऱ्याने त्या खणातील हस्तलिखितेही विचारात घ्यायला हवीत.

मे १९५८ मध्ये पक्षाने १९४८ चा ठराव काही अंशी चुकीचा होता असे मान्य केले, आणि १९६० मध्ये शोस्ताकोविच पक्षाचे सदस्य होण्यास तयार झाले. पुढच्या पिढीतील चेलोवादक म्स्तिस्लाव रोस्त्रोपोविच यांनी वेगळी वाट धरली: १९७० मध्ये त्यांनी लेखक सोल्झेनित्सिन यांच्या समर्थनार्थ खुले पत्र लिहिले, त्यांचे परदेश दौरे थांबवण्यात आले, देशातल्या मैफलीही आटल्या, १९७४ मध्ये ते देशाबाहेर पडले आणि १९७८ मध्ये पत्नी गालिना विश्नेव्स्काया यांच्यासह त्यांचे नागरिकत्व काढून घेण्यात आले. याउलट, शास्त्रज्ञ साखारोव्ह यांचा निषेध करणारे संगीतकारांचे पत्र सप्टेंबर १९७३ मध्ये ‘प्रावदा’त छापून आले, तेव्हा त्याखालील नावांत शोस्ताकोविच यांचेही नाव होते.