बारा आणे दुखणे

आईच्या उजव्या खुब्याचा सांधा बदलला त्या दिवशी संध्याकाळी ती इतकी प्रसन्न होती की, आम्हां भावंडांना शस्त्रक्रियेची एवढी धास्ती आपण उगाच घेतली असे वाटले. पाठीच्या कण्यात सुई घालून दिलेल्या भुलीचा अंमल अद्याप ओसरला नव्हता. कमरेखालचे अंग दुसऱ्या कोणाचे असावे तशी ती आपल्या पायांकडे पाहत होती आणि भेटीस येणाऱ्या प्रत्येकाला ‘काही म्हणता काही दुखलं नाही’ असे सांगत होती. रात्री दहाच्या सुमारास पायाच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या, अकराला गुडघा हलू लागला, आणि बारानंतर, वॉर्डातले दिवे मंद झाले होते त्या वेळी, ज्या दुखण्याची संध्याकाळी चाहूलही नव्हती ते पुऱ्या बळानिशी येऊन ठाकले. आई ओरडली नाही. तिने खाटेचा कठडा घट्ट धरला, डोळे मिटले, आणि तिचे ओठ हलू लागले. ती नामस्मरण करीत आहे हे मला कळले. मी दोनदा विचारले आणि दोन्ही वेळा ‘सोसवेल’ एवढेच उत्तर मिळाले. सकाळी फेरीवर आलेल्या डॉक्टरांनी ‘आजी, दुखतंय का?’ असे विचारले, तेव्हा ती म्हणाली, ‘नाही हो, ठीक आहे.’ डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळले. तासाभराने तिला उभे करावयास फिजिओथेरपिस्ट आले, तेव्हा तिला पाय जमिनीला टेकवतादेखील आला नाही.

त्या रात्रीचा दोष कोणाच्या पदरात घालावा याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. केसपेपरवर वेदनाशामक इंजेक्शन लिहिलेले होते, परंतु त्यापुढे ‘गरज भासल्यास’ असा शेरा होता. गरज असल्याचे रुग्णाने सांगितले नाही म्हणून पाळीवरच्या सिस्टरांनी ते दिले नाही, आणि आपण होऊन दुखणे सांगणे तर राहोच, विचारल्यावरही ते कबूल करणे आईच्या पिढीच्या संस्कारात बसत नव्हते. बाळंतपणे, पाठदुखी, चुलीपुढे पोळलेली बोटे हे सारे जिने मुकाट्याने निभावले, तिला या खेपेस आपल्या मौनाने आपल्याच प्रकृतीची हानी होत आहे हे कोणी समजावून सांगितले नव्हते. सहनशीलता हा थोर गुण खराच. परंतु मोठ्या शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत तो गुण रुग्णावरच उलटतो, आणि म्हणून त्या मुदतीत दुखणे सांगणे हे रुग्णाचे व ते खोदून विचारणे हे रुग्णालयाचे कर्तव्य मानले पाहिजे, हेच सांगण्यासाठी मी हा लेख लिहीत आहे.

खुबा हा उखळीचा सांधा. कटीच्या हाडात वाटीसारखी एक खोल खळगी असते आणि मांडीच्या हाडाचा गोल माथा तीत बसून फिरतो. दोहोंवर गुळगुळीत कूर्चेचे अस्तर असते, म्हणून निरोगी माणसाला आपणास खुबा आहे याची आठवणही होत नाही. वयोमानाने किंवा संधिवाताने ते अस्तर झिजले, रक्तपुरवठा खुंटल्यामुळे हाडाचा माथा आतून ढासळला, अथवा पडल्यामुळे त्याची मान मोडली, म्हणजे सांधा बदलण्याची वेळ येते. इंग्लंडात लँकेशायर परगण्यातील राइटिंग्टनच्या रुग्णालयात जॉन चार्नली या शल्यविशारदाने १९६२ च्या नोव्हेंबरात या शस्त्रक्रियेचा पाया घातला. त्यापूर्वी त्याने टेफ्लॉनच्या वाट्या बसवून पाहिल्या होत्या, पण त्या थोड्याच वर्षांत झिजून निकामी झाल्या. तेव्हा त्याने घट्ट पॉलिथिलीनची वाटी, सुमारे २२ मिलिमीटर व्यासाचा लहानसा पोलादी गोळा आणि दंतवैद्यांच्या वापरातले ॲक्रिलिक सिमेंट यांचा मेळ घातला. आज सिरॅमिकचे गोळे आले, सिमेंटावाचून बसणारे सांधेही आले, तरी मूळ कल्पना तीच आहे, आणि ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातील २००७ च्या एका लेखात या उपचाराचा शतकाची शस्त्रक्रिया म्हणून गौरव झाला, तो सर्वस्वी यथार्थ होता.

परंतु जुने दुखणे कायमचे जावे यासाठी शरीराला एक नवे दुखणे काही दिवस पत्करावे लागते. त्वचा कापली जाते, स्नायू बाजूला ओढले जातात, हाडाचा माथा करवतीने उतरवला जातो, खळगी कोरून साफ केली जाते आणि मांडीच्या हाडाची नळी आतून घासून तीत धातूचा दांडा ठोकून बसवला जातो. जखमी पेशींतून पाझरणारी रसायने मज्जातंतूंची टोके इतकी हळवी करून सोडतात की, एरवी जाणवलाही नसता असा स्पर्श झोंबू लागतो. आणि हा हळवेपणा मज्जारज्जूत मुरला की तेच दुखणे आवरण्यास अधिक औषध लागते. दुखते म्हणून रुग्ण खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, त्यामुळे फुप्फुसांत कफ साचतो. पाय हलवीत नाही, त्यामुळे पोटरीच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा संभव वाढतो आणि अशी गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर प्राणावर बेतते. झोप लागत नाही आणि वृद्धांना रात्रीचा भ्रम होतो. आणि ज्यांचे आरंभीचे दुखणे अनावर राहते त्यांच्यापैकी काहींच्या बाबतीत ते पुढे महिनोन् महिने रेंगाळते. सोसण्याची किंमत ही अशी चोहीकडून मोजावी लागते.

आईचे मौन सोडविले ते दुपारच्या पाळीवरच्या एका प्रौढ सिस्टरांनी. शून्य म्हणजे मुळीच दुखत नाही आणि दहा म्हणजे कल्पनेतले सर्वांत भयंकर दुखणे, या मापाने आपले दुखणे सांगावे, ही सर्वत्र रूढ असलेली रीत त्यांनी आईला समजावली. आईला ती उमगेना. तेव्हा त्या खुर्ची ओढून खाटेशी बसल्या आणि म्हणाल्या, ‘बरं आजी, रुपयातले किती आणे दुखतंय ते सांगा.’ लहानपणी आण्यांचा हिशेब शिकलेली आई क्षणभरही न थांबता म्हणाली, ‘पडून असले की सहा आणे. कूस बदलली की बारा.’ सिस्टरांनी कागदावर स्वस्थ असताना चार आणि हलताना आठ असे आकडे टिपले व तेथूनच भूलतज्ज्ञांना फोन लावला. आईच्या त्या एका उत्तरात वेदनाचिकित्सेतील एक महत्त्वाचे तत्त्व आले होते: दुखणे निजलेल्या स्थितीत किती आहे एवढेच पाहून भागत नाही, खोकताना, कुशीवर वळताना, उभे राहताना किती होते ते विचारावे लागते, कारण रुग्णाला उभे करावयाचे असते.

किती दुखते याइतकेच कसे दुखते हेही महत्त्वाचे असते, आणि ते सांगण्यास आपली भाषा समर्थ आहे. जखमेभोवती नाडीच्या ठोक्याबरोबर लागतो तो ठणका. थांबून थांबून उसळते ती कळ. खुब्यापासून पावलापर्यंत विजेसारखी जाते ती चमक, आणि तिच्या जोडीला आग व मुंग्या असतील तर मज्जातंतू डिवचला गेल्याची शंका घ्यावी. एकाच स्थितीत पडून राहिल्याने स्नायूंना लागते ती रग, जी औषधाहून कूस बदलल्याने लवकर जाते. पोटरीत ओढ व जडपणा वाटला तर गुठळीची तपासणी करून घ्यावी. आणि टाच किंवा माकडहाडाची जागा चुरचुरू लागली तर दाबाने व्रण होऊ घातला आहे असे समजून ती जागा तत्काळ मोकळी करावी. ‘फार दुखतंय’ या दोन शब्दांच्या जागी ‘उजव्या पोटरीत सकाळपासून ओढ लागली आहे’ असे सांगणारा रुग्ण निदानाचे निम्मे काम स्वतःच करतो.

आता उपचारांविषयी. एकाच जालीम औषधावर भिस्त न ठेवता निरनिराळ्या मार्गांनी काम करणारी औषधे थोड्या थोड्या मात्रेत योजावी, हा आजचा शिरस्ता आहे, आणि हेन्रिक केलेट या डॅनिश शल्यचिकित्सकाने १९९० नंतरच्या दशकात त्याचा हिरिरीने पुरस्कार केला. मांडीच्या मज्जातंतूंभोवती बधिर करणारे औषध सोडता येते. पॅरासिटामॉल ठरलेल्या वेळांना दिले जाते. मूत्रपिंड, जठर आणि हृदय यांची स्थिती पाहून सूज उतरविणारी औषधे दिली जातात. आणि एवढ्याने न भागल्यास अफूच्या वर्गातील औषधे येतात. यात वेळेचे महत्त्व फार आहे: दुखणे शिगेला पोहोचल्यावर दिलेल्या मोठ्या मात्रेपेक्षा ते वाढण्यापूर्वी घड्याळाप्रमाणे दिलेली लहान मात्रा अधिक गुणकारी ठरते. म्हणून भुलीचा अंमल उतरल्यावर रात्रीसाठी काय तजवीज आहे, हा प्रश्न शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशीच भूलतज्ज्ञांना विचारावा. घरी आल्यावर एक दक्षता मात्र अवश्य घ्यावी: पॅरासिटामॉल अनेक मिश्र गोळ्यांतही असते आणि प्रौढ माणसास दिवसाकाठी ४ ग्रॅमची मर्यादा ओलांडता येत नाही, यकृताचा विकार असल्यास किंवा वजन कमी असल्यास ती याहूनही खाली येते, तेव्हा दोन गोळ्यांची नावे वेगळी म्हणजे औषधे वेगळी असे समजू नये.

अफूचे नाव निघताच आपल्या घरांत जी भीती उभी राहते, तिच्या मागे कायद्याचाही इतिहास आहे. औषधासाठी कायदेशीर अफू पिकविणाऱ्या मोजक्या देशांत भारताची गणना होते. मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेश येथे सरकारी परवान्याने ही शेती चालते. असे असूनही १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने परवान्यांचे इतके सोपस्कार लादले की, अनेक रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले आणि ते कसे द्यावे याचे शिक्षण डॉक्टरांच्या पुढच्या पिढ्यांना नीटसे मिळाले नाही. २०१४ च्या दुरुस्तीने ही वाट काहीशी मोकळी झाली. देखरेखीखाली चार-पाच दिवस दिलेल्या औषधाने सहसा व्यसन जडत नाही. मळमळ, बद्धकोष्ठ, गुंगी व श्वास मंदावणे हे त्याचे खरे दोष, आणि म्हणूनच ते देताना सिस्टर श्वास मोजतात व सारकाची योजना करतात. घरी मात्र डॉक्टरांनी नेमून दिलेल्या मुदतीपलीकडे ते एक दिवसही चालू ठेवू नये.

औषधाच्या जोडीला जे साधे उपाय असतात त्यांना कमी लेखू नये. रोनाल्ड मेल्झॅक व पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये असा सिद्धान्त मांडला की, मज्जारज्जूत जणू एक वेस असते, आणि वेदनेचा निरोप मेंदूकडे किती जाऊ द्यावयाचा हे ती वेस ठरवते. स्पर्श, चोळणे यांसारख्या इतर संवेदना व खुद्द मेंदूकडून येणारे हुकूम ती वेस लोटून घेऊ शकतात. फडक्यात गुंडाळून थोडा वेळ ठेवलेला बर्फ, दोन पायांमध्ये ठेवलेली उशी, कपाळावरून फिरणारा लेकीचा हात यांनी जे बरे वाटते ते अशा रीतीने शरीरशास्त्रातही बसते. उलटपक्षी एकटेपणा व धास्ती यांनी तीच वेस सताड उघडते. रात्री सोबतीला राहणाऱ्या नातेवाइकाने जागे राहून, रुग्ण न बोलला तरी त्याचा कठड्यावर आवळलेला हात ओळखून सिस्टरांना हाक मारावी, ही काही लहान सेवा नव्हे.

पुढचे सारे शिक्षण चालण्याचे. आता बहुतेक ठिकाणी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी रुग्णाला वॉकर धरून उभे करतात, आणि म्हणून व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी गोळी मिळेल अशी व्यवस्था मागून घ्यावी. पडल्यापडल्या दर तासाला पावले वरखाली करावी, म्हणजे पोटरीतले रक्त वाहते राहते. सांधा मागच्या बाजूने बसविला असेल तर काही आठवडे खुबा काटकोनापलीकडे वाकवणे, पायावर पाय टाकणे आणि पाऊल आत वळवणे वर्ज्य असते. आपल्या घरांत याचा अर्थ असा की मांडी घालून जेवावयास बसणे, उकिडवे बसणे आणि देवासमोर वाकणे या आयुष्यभराच्या सवयी बाजूला ठेवून उंच खुर्ची व कमोड यांची सोय रुग्ण घरी येण्यापूर्वी करावी लागते. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना शस्त्रक्रियेचा पाय आधी. आणि काठी शस्त्रक्रियेच्या विरुद्ध बाजूच्या हातात.

कोणते दुखणे दिसताच थांबून राहू नये हेही सांगितले पाहिजे. दिवसेंदिवस उतरत असलेले दुखणे एकाएकी उसळले आणि पाय आखूड किंवा वळलेला दिसू लागला, तर सांधा निखळलेला असू शकतो. पोटरी सुजून दुखू लागली, छातीत कळ येऊन धाप लागली, थंडीताप आला, जखमेतून पाणी किंवा पू येऊ लागला, अथवा रुग्ण असंबद्ध बोलू लागला, तर सकाळच्या फेरीची वाट न पाहता त्याच घटकेस डॉक्टरांना बोलवावे.

आईच्या औषधांवरचा ‘गरज भासल्यास’ हा शेरा त्याच दुपारी बदलून त्याच्या जागी वेळा लिहिल्या गेल्या. दुसऱ्या दिवशी ती वॉकर धरून खिडकीपर्यंत गेली, आणि चौथ्या दिवशी सिस्टरांनी विचारण्यापूर्वीच म्हणाली, ‘आज चालताना चार आणे.’ त्या रात्री शेजारच्या खाटेवर खुब्याच्याच शस्त्रक्रियेची एक नवी बाई आली होती. मध्यरात्री मला जाग आली ती आईच्या हाकेने. तिला काही होत असावे असे समजून मी धडपडत उठलो, तर ती दाराकडे पाहून सिस्टरांना बोलावत होती. ‘सिस्टर, जरा इकडे या हो,’ ती म्हणत होती, ‘ह्या बाईंना दुखतंय. त्या सांगायच्या नाहीत, तुम्हीच विचारा.’