पेशीतले लोह – ७ : फ्राटॅक्सिन नेमके करते काय?

गेल्या आठवड्यात आपण लोह-गंधक गुच्छ पाहिले. लोहाचे दोन किंवा चार अणू, तितकेच गंधकाचे, आणि पेशीचे श्वसन त्यांच्यावर चालते. हे गुच्छ तंतुकणिकेत बांधले जातात आणि ते बांधणाऱ्या प्रथिनांपैकी सर्वांत जास्त वाद झाला तो फ्राटॅक्सिनवर.

त्याचे नाव आजारावरून पडले. हायडेलबर्गचे वैद्य निकोलाउस फ्रीडराइख यांनी १८६३ पासून काही तरुण रुग्णांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. चालताना तोल जायचा, बोलणे अडखळायचे. या फ्रीडराइख अटॅक्सियाचे जनुक नवव्या गुणसूत्रावर सापडले ते १९९६ मध्ये. जनुकाचा जो भाग प्रथिन घडवताना गाळला जातो, त्यात जी-ए-ए ही तीन अक्षरे पुन्हा पुन्हा येतात. निरोगी माणसात ती साधारण तीस वेळांच्या आत, बहुतेक रुग्णांत ६०० ते ९०० वेळा. त्यामुळे जनुक दबून जाते. म्हणजे बहुसंख्य रुग्णांचे फ्राटॅक्सिन निर्दोषच असते, फक्त ते पुरेसे तयार होत नाही.

अभ्यासासाठी मात्र ते भरपूर लागते. म्हणून मानवी जनुकाचा तुकडा इ. कोलाय जिवाणूत घालतात आणि जिवाणूकडून मानवी प्रथिन बनवून घेतात. प्रथिनाच्या टोकाला सहा हिस्टिडिनची शेपटी जोडली, की ते निकेलच्या स्तंभाला धरून राहते आणि जिवाणूची बहुतेक प्रथिने वाहून जातात. पण जनुकाचा तुकडा कुठून कापायचा? आपल्या पेशीत फ्राटॅक्सिन २१० अमिनो आम्लांचे तयार होते. तंतुकणिकेत शिरल्यावर ते दोनदा छाटले जाते आणि ८१ ते २१० एवढा, १३० आम्लांचा भाग कामाला लागतो. बरीच वर्षे ५६व्या आम्लापासून सुरू होणारा तुकडाच परिपक्व मानला जात होता. त्यामुळे जुने निष्कर्ष वाचताना त्या प्रयोगात नेमका कोणता तुकडा वापरला होता, हे आधी पाहावे लागते.

आता मूळ प्रश्न. यीस्टमधून या प्रथिनाचे जनुक काढून टाकले, तर तंतुकणिकेत लोह साचते, हे १९९७ मध्ये दिसले. साहजिकच फ्राटॅक्सिन लोहाचे कोठार असावे किंवा लोह आणून देणारे असावे, अशी कल्पना रुजली. त्याच वर्षी रुग्णांच्या हृदयाच्या स्नायूत आणखी एक गोष्ट आढळली. अॅकोनिटेज आणि श्वसनसाखळीतले पहिले तीन संकुल, म्हणजे लोह-गंधक गुच्छ बाळगणारी प्रथिने, दुबळी पडली होती. गुच्छ कमी पडले की पेशीला लोहच कमी आहे असे भासते आणि ती आणखी लोह आत ओढते. लोहाचा साठा हे मूळ कारण नसून परिणाम आहे, हे मला आता निःसंशय वाटते.

फ्राटॅक्सिनचे खरे काम उलगडले ते पुनःसंयोजित, म्हणजे जिवाणूकडून बनवून घेतलेली, प्रथिने परीक्षानळीत एकत्र आणून. एनएफएस-१ हे विकर सिस्टीनमधून गंधक काढते आणि इस्कू या प्रथिनाला देते. इस्कूवर गुच्छ घडतो. पण जुन्या प्रयोगांत दोन अडचणी होत्या. जिवाणूत बनवलेल्या इस्कूमध्ये लोहाच्या जागी जस्त बसलेले असायचे. शिवाय डीटीटी नावाचे रसायन गंधक सुटे करायचे आणि गुच्छ आडवाटेने तयार व्हायचे. २०१९ मध्ये फ्रेंच संशोधकांनी जस्त काढून लोह भरले, डीटीटी टाळले आणि पेशीत इलेक्ट्रॉन पुरवणारे फेरेडॉक्सिन-२ वापरले. तेव्हा चित्र स्वच्छ झाले : फ्राटॅक्सिन एनएफएस-१ कडून इस्कूकडे होणाऱ्या गंधकाच्या हस्तांतराला वेग देते.

त्याच वर्षी अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने ही रचनाही दाखवली. फ्राटॅक्सिन दोघांच्या मधल्या खाचेत बसते. त्याचे १५५वे आम्ल, ट्रिप्टोफॅन, नेमके इस्कूला टेकते. मोजक्या रुग्णांत याच जागी आर्जिनिन असते. ही प्रथिने जिवाणूत बनवली, तेव्हा जिवाणूचे स्वतःचे एसीपी हे प्रथिन मानवी संकुलात जाऊन बसलेले आढळले आणि त्याशिवाय संकुल टिकतच नव्हते. अब्जावधी वर्षांपूर्वी तंतुकणिका जिवाणूपासूनच आल्या, याचा याहून बोलका पुरावा मला माहीत नाही.

मग रुग्णाला हेच प्रथिन टोचता येईल का? अमेरिकेत २०२३ मध्ये मान्य झालेले ओमाव्हेलोक्सोलोन हे औषध पेशीची ऑक्सिडीकरणाविरुद्धची यंत्रणा जागवते. फ्राटॅक्सिनची उणीव ते भरून काढत नाही. नॉमलाबोफस्प हे प्रायोगिक औषध मात्र खुद्द पुनःसंयोजित फ्राटॅक्सिनच आहे. पेशीचे पटल ओलांडता यावे म्हणून त्याच्या पुढे एचआयव्ही विषाणूच्या टॅट प्रथिनाचा छोटा तुकडा जोडलेला असतो. इथे ८१ ते २१० एवढा भाग देऊन भागत नाही. पूर्ण २१० आम्ले द्यावी लागतात, कारण पहिल्या ८० मध्येच तंतुकणिकेचा पत्ता आहे. आत गेल्यावर छाटणी होते आणि पत्त्याबरोबर टॅटही गळून पडते. त्वचेखाली रोज टोचून घेतलेल्या रुग्णांच्या त्वचेत आणि गालाच्या आतल्या पेशींत फ्राटॅक्सिन वाढलेले दिसले आहे. मज्जातंतू आणि हृदय यांना त्याचा किती उपयोग होतो, हे चाचण्यांतून ठरायचे आहे.