आधी पिल्लू की आधी आई?

गावठी कोंबडी दहा-बारा अंडी घालते, ती काही एका बैठकीत नाही. आज एक, उद्या एक, मध्येच एखादा खाडा, असं करत दोन आठवडे जातात. म्हणजे शेवटचं अंडं पडतं तेव्हा पहिलं चांगलं पंधरा दिवसांचं शिळं झालेलं असतं. तरीही कोंबडी बसल्यापासून एकविसाव्या दिवशी बघावं, तर जवळजवळ सगळी पिल्लं एकदमच बाहेर! हे जमतं कसं?

फलित अंडं बाहेर पडतं तेव्हाच त्याच्या बलकावर हजारो पेशींची एक पांढुरकी टिकली तयार असते. बाहेरचा गारवा लागला की तिची वाढ थांबते. ती मरत नाही, नुसती थांबते. पंगतीत शेवटचं पान वाढून होईपर्यंत कोणी घास उचलत नाही, तशी सगळी अंडी कोंबडीच्या उबेची वाट बघत थांबून राहतात. जाणत्या बायका उबवायची अंडी धान्यात पुरून गारव्याला ठेवतात, ती याचसाठी.

मग एके दिवशी कोंबडी खुडूक होते. अंडी घालणं बंद, खाण्याकडे लक्ष नाही, जवळ हात नेला तर पिसं फुलवून अंगावर येते. तिच्या शरीरात प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढलेलं असतं. बाळंतिणीच्या अंगात दूध आणणारं संप्रेरक हेच! कोंबडीला कुठलं दूध? पण तिच्या पोटाखालची पिसं गळतात, कातडी उघडी पडते, तिथला रक्तपुरवठा वाढतो आणि अंड्यांना थेट अंगाची ऊब मिळते. आता खरी गंमत ऐका. हे संप्रेरक टिकतं कशावर, तर त्याच उघड्या कातडीला होणाऱ्या अंड्यांच्या स्पर्शावर. अंडी काढून घेतली आणि घरट्याची वाट बंद केली, की काही दिवसांत बाईसाहेब पूर्ववत. उलट तिच्याखाली बदकाची अंडी ठेवलीत तर एकविसाव्या दिवशी ती उठत नाही. बदकाच्या पिल्लाला अठ्ठावीस दिवस लागतात, तेवढे ती बसते. म्हणजे कोंबडी अंडी उबवते हे खरं, पण कोंबडीला बसवून ठेवतात ती अंडी!

या एकवीस दिवसांत ती दिवसातून जेमतेम एकदा उठते. दाणापाणी, मातीत एक अंघोळ, की परत जागेवर. बसल्या बसल्या चोचीने अंडी सारखी फिरवत राहते, त्यामुळे गर्भ आतल्या पापुद्र्याला चिकटत नाही. आत काय चाललंय हे पाहायचा मोह माणसाला फार जुना. तेवीसशे वर्षांपूर्वी ॲरिस्टॉटलने लिहून ठेवलंय, की तीन दिवसांनंतर अंड्याच्या पांढऱ्यात रक्ताचा एक ठिपका दिसतो आणि तो जिवंत असल्यासारखा उसळतो. ते हृदय! पुढे हाडं तयार व्हायला चुना लागतो. तो येतो कवचातून. घरच्या भिंती खरवडून अंगात हाडं भरायची, आणि त्याच खरवडण्याने भिंत पातळ होऊन बाहेर पडायची सोयही करून ठेवायची. सुचलं असतं आपल्याला?

विसाव्या दिवशी एखादं अंडं हळूच कानाला लावून पाहा. (कोंबडी टोचणार, हे धरून चाला.) आतून चिवचिव ऐकू येते. अंड्याच्या रुंद टोकाला हवेची एक पोकळी असते, पिल्लू तिथला पापुद्रा फोडून आयुष्यातला पहिला श्वास घेतं आणि लगेच बोलायला लागतं. वरून आई हलक्या आवाजात क्लुक-क्लुक करून उत्तर देते. पिल्लू अजून जगात आलेलंही नाही, आणि दोघांचं बोलणं सुरू!

पिल्लाच्या चोचीच्या शेंड्यावर एक टोकदार कण असतो. त्याने ते कवचाला पहिलं भोक पाडतं, आणि थांबतं. तासन्‌तास काहीच नाही. बघणाऱ्याचा जीव खालीवर होतो, पण मदतीला हात घालू नये. आतल्या पापुद्र्यातल्या रक्तवाहिन्या तेव्हा बंद होत असतात आणि उरलेला बलक पिल्लाच्या पोटात ओढला जात असतो. घाईने कवच सोललं तर रक्त येतं. मग पिल्लू स्वतःभोवती हळूहळू वळत कवचाला गोल चीर पाडतं आणि टोपण ढकलून ओलंचिंब बाहेर पडतं. पोटातल्या त्या बलकावर दोन-तीन दिवस अन्नाशिवाय निभतात. म्हणून तर मागे राहिलेली पिल्लं फुटेपर्यंत आई घरटं सोडत नाही, आणि अंडी उबवणी केंद्रांना एक दिवसाची पिल्लं खोक्यात भरून लांब गावी पाठवता येतात.

आता प्रश्न असा, की या बाईला ‘आई’ म्हणायचं हे पिल्लाला सांगितलं कोणी? डग्लस स्पाल्डिंग नावाच्या ब्रिटिश गृहस्थाने पिल्लं जन्मताच त्यांच्या डोळ्यांवर टोप्या चढवल्या. दोन-तीन दिवसांत टोपी काढली तर पिल्लू समोरच्या माणसाच्याच मागे चालू लागे. चौथ्या दिवशी काढली तर त्याच माणसाला घाबरून पळत सुटे! १८७३ साली त्याने हे छापलं. पुढे कोनराड लोरेंट्‌झने हंसांच्या पिल्लांवर हाच विषय गाजवला. आईची छबी ठसायला मोजका वेळ मिळतो, तो गेला की दार बंद. एवढं मात्र खरं, की पिल्लाला निवड करायला मिळाली तर डोकं आणि मान असलेला आकार त्याला जास्त ओढतो. कोरी पाटी नाही, पुसट रेघा आधीच मारलेल्या आहेत.

खाण्याचंही तसंच. टोचायचं कसं, हे पिल्लू शिकूनच येतं. काय टोचायचं, ते नाही. परड्यात वाळवीचं ढेकूळ फोडून टाका आणि बघा. कोंबडी एक वाळवी उचलते, टाकते, पुन्हा उचलते, पुन्हा टाकते, आणि घाईघाईने कुक्‌कुक्‌कुक् करत राहते. स्वतः गिळत नाही. ब्रिस्टॉल विद्यापीठात क्रिस्टीन निकोल यांनी एका सहकाऱ्यासह केलेला प्रयोग १९९६ साली प्रसिद्ध झाला. एका रंगाचं खाणं कडू असतं, हे कोंबड्यांना आधी शिकवलं. मग त्यांच्यासमोर पिल्लांना त्याच रंगाचं खाणं दिलं. आयांनी जमीन उकरणं आणि टोचून दाखवणं एकदम वाढवलं! लेकरू चुकतंय हे कळतं, आणि चुकलं की शिकवणी जोरात.

पण याच शहाण्या आईची दुसरी बाजूही आहे. पिल्लू पायाला बांधून काचेच्या घुमटाखाली ठेवलं, आणि आतला आवाज बाहेर येईना, तर ते समोर धडपडताना दिसत असूनही आई ढिम्म हलत नाही. तेच पिल्लू पडद्याआड लपवून त्याचं ओरडणं ऐकू येऊ दिलं, तर ती पिसं फुलवून धावत सुटते. जर्मनीतला हा प्रयोग जुना, पण मला अजून चक्रावून टाकतो. तिच्या लेखी संकटातलं पिल्लू म्हणजे ती हाक. पिल्लाने आईला आवाजाची दोरी बांधलेली असते, म्हणा ना. पहिले दोन-तीन आठवडे त्याला अंगाची ऊब स्वतः टिकवता येत नाही, तेव्हाही गारठलं की ते ओरडतं आणि ती जागच्या जागी पंख पसरून बसते. घारीचं मात्र आई बघते. मान वाकडी करून एक डोळा आभाळाला लावते, एक बारीक आवाज काढते, आणि क्षणात अंगण रिकामं.

दीड-दोन महिन्यांनी हीच आई पिल्लांना टोचून हाकलते आणि पुन्हा अंड्यावर येते.

बाराही महिने अंडी देणाऱ्या लेगहॉर्नसारख्या जातींतून माणसाने खुडूकपणा निवडून निवडून काढून टाकलाय. खुडूक कोंबडी अंडी देत नाही ना! त्यांची पिल्लं यंत्रात निघतात. ऊब बल्ब देतो, पण काय टिपायचं ते दाखवणार कोण? कुक्कुटपालक पहिल्या दिवशी कागदावर मक्याचा भरडा पसरतात. तिथे बोटाने नुसतं टकटक केलं, तरी पिल्लं धावत येतात आणि नखाशेजारचा दाणा टिपू लागतात.