दहा दिवसांत उभी राहिलेली पलटण

इंग्लंडच्या लँकशायरमधलं अ‍ॅक्रिंग्टन हे सूतगिरण्यांचं गाव. पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर, सप्टेंबर १९१४ मध्ये तिथे अवघ्या दहा दिवसांत हजारेक तरुणांची पलटण उभी राहिली. त्यात आसपासच्या गावांतलीही मुलं होती. शेजारी, भाऊ, एका खात्यात काम करणारे सोबती एकत्रच लढतील, असा शब्द त्यांना मिळाला होता. लढाई नाताळपर्यंत आटोपेल, ही तेव्हाची सर्रास समजूत. देशप्रेम होतंच; पण त्या उन्हाळ्यात गावातल्या यंत्रांच्या मोठ्या कारखान्यात टाळेबंदी होती, हेही विसरता कामा नये.

युद्ध म्हणजे घोडदळ, झेंडे, मोकळ्या रानातली चढाई, हे चित्र लोकांच्या मनात पक्कं होतं. वर्ष सरता सरता मात्र उत्तर समुद्रापासून स्वित्झर्लंडच्या सीमेपर्यंत खंदक खणले गेले. मशीनगनपुढे उभं राहता येईना, म्हणून माणूस जमिनीत शिरला. तिथे शिपायाच्या हातात बंदुकीइतकंच फावडं असे. चिखल उपसायचा, ढासळलेली कड मातीच्या पोत्यांनी सावरायची, कपड्यांच्या शिवणींतल्या उवा मेणबत्तीच्या ज्योतीने जाळायच्या. दिवसेंदिवस ओल्या बुटांत राहून पाय बधिर होत, सुजत. काहींचे कापावे लागत. भरती होताना यातलं कोणी काही सांगितलं असेल, असं मला वाटत नाही.

१ जुलै १९१६ ला ही पलटण फ्रान्समध्ये सोमच्या आघाडीवर, सेर या खेड्यासमोर उभी होती. आधीचा आठवडाभर ब्रिटिश तोफांनी १५ लाखांहून अधिक गोळे डागले होते. समोर कोणी जिवंत उरलं नसेल, असा वरिष्ठांचा होरा. पण जर्मन खोल भुयारांत बसून होते आणि काटेरी तारा बऱ्याच ठिकाणी शाबूत होत्या. तोफांचा मारा पुढे सरकताच त्यांच्या मशीनगन वर आल्या. चढाईला निघालेल्या सुमारे ७२० जणांपैकी ५८४ मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. बहुतेक पहिल्या अर्ध्या तासातच. त्या एका दिवसात ब्रिटिश फौजेचे १९,२४० जण मेले.

गावात आलेल्या सुरुवातीच्या बातम्या विजयाच्या होत्या. खरं काय ते जखमींच्या पत्रांतून झिरपत आलं. एकत्र भरती झालेले एकत्र गेले, त्यामुळे गल्लीच्या गल्ली सुतकात.

ऑगस्टमध्ये सोमच्या लढाईचा चित्रपट देशभर लागला. लाखो लोक आपल्या माणसाचा चेहरा दिसेल या आशेने थिएटरांत गेले. खंदकातून वर चढणारे शिपाई पाहून त्यांचे श्वास अडकले. ते दृश्य आघाडीच्या मागे, सरावाच्या जागी बसवून घेतलेलं होतं.